मोतीरामचे दोन हूक

अकोल्याच्या माणसाला ऊन शिकवायला जाऊ नये. एप्रिल लागला की तो उन्हातच शिजतो, उन्हालाच शिव्या घालतो आणि भर उन्हातच लग्नंही उरकतो. पण थंडीतलं त्याला काही कळत नाही. पौषात चार दिवस कानाला उपरणं गुंडाळलं की त्याची थंडी संपली. मोतीराम तायड्याची फजिती झाली ती यामुळे, असं म्हणून त्याला पदरात घेता आलं असतं, पण ते खरं नाही. फजिती झाली ती हेव्यामुळे. थंडी बिचारी निमित्ताला होती.

स्टेशनच्या मागच्या अंगाला बर्फाचा कारखाना होता, मोतीराम तिथला मिस्त्री. जातीनं लोहार नव्हे. छप्पन साली बौद्ध झालेल्या घरांतलं त्याचं घर. तरुणपणी एका कापसाच्या जिनिंगच्या लोहारशाळेत तो नुसता घण मारायला होता. ऐरणीवरचा लोहार त्याला शिकवत नसे आणि हा न विचारता शिकत असे. डोळ्यांनी चोरलेली विद्या, पण हाताला अशी बसली की पुढे त्याच लोहाराच्या घरून कुऱ्हाडीला पाणी द्यायला, म्हणजे लाल पातं बुडवून टणक करायला, मोतीरामकडे निरोप येई. ही गोष्ट तो वर्षातून दोन-तीनदा तरी सांगायचा, आणि ऐकणारा उठून गेला तरी पुरी करायचा.

कारखान्यात मात्र त्याचं कौतुक खिडकीबाहेरच थांबे. ऑफिसच्या खिडकीच्या कट्ट्यावर त्याचा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पेला पालथा घातलेला असे. साहेबलोकांचा चहा झाला की त्या पेल्यात त्याचा चहा पडे, तो बाहेर उभ्यानं पिई आणि पेला विसळून पुन्हा पालथा घाली. छप्पन साल आलं आणि गेलं, पेला तिथेच राहिला. मोतीरामची आशा एकच होती. जुना हेडमिस्त्री येत्या शिमग्यानंतर घरी बसणार होता. ती जागा मिळाली की ऑफिसात खुर्ची मिळणार होती, आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाला पेल्यात चहा देणं कुणालाही जड गेलं असतं.

जागा रिकामी झाली आणि बासष्टच्या उन्हाळ्यात धर्मपाल आला.

धर्मपाल म्हणजे मोतीरामच्या मयत थोरल्या भावाचा मुलगा. नागपूरला राहून इंजिनियरिंगचा डिप्लोमा करून आला होता. काकानंच त्याला लहानपणी खांद्यावर घेऊन बाजार दाखवला होता, आणि तो पास झाला तेव्हा वस्तीत पेढेही काकानंच वाटले होते. तेव्हा त्याला खरोखर आनंद झाला होता. पण पुतण्यानं नागपुरात मोठं होणं वेगळं आणि आपल्याच कारखान्यात येऊन मोठं होणं वेगळं. मॅनेजर कमलाकांतरावांनी त्याला सुपरवायझर म्हणून सीझनपुरता घेतला आणि सांगून टाकलं की हेडमिस्त्रीच्या जागेचं उन्हाळा संपल्यावर बघू, तुम्ही दोघे आहातच.

पहिल्याच दिवशी कमलाकांतरावांनी धर्मपालला खुर्ची दिली. चहा आला तो कपबशीत आला. धर्मपालनं खिडकीबाहेर पाहिलं, काका पेला सरळ करत होता. तो शिपायाला म्हणाला, "काकालेबी कप आना."

शिपाई मॅनेजरकडे पाहू लागला. पण त्याच्या आधी मोतीरामच बोलला. "राहू दे. मले पेल्यातच गोड लागते."

गोड कुठलं लागतंय! इतकी वर्षं ज्या कपासाठी जीव तळमळला तो या पोरानं हाताच्या एका इशाऱ्यानं मागवला, तोही जणू पानाचा विडा मागवावा तसा. कप मिळाला नाही याचं दुःख मोतीरामला जुनं होतं. तो पुतण्याच्या हातून मिळणार होता, हे दुःख नवं होतं आणि जास्त झोंबणारं होतं.

घरी मनकर्णाबाई, म्हणजे मोतीरामची बायको, जखमेवर मीठ चोळायला होतीच. तिला मूलबाळ नव्हतं, धर्मपाल तिचा जीव की प्राण. "आपला धर्मा कसा साहेबावानी दिसते," ती भाकर थापता थापता म्हणायची. मोतीराम म्हणायचा, "साहेबाले घन उचलून दाखव म्हना." ती म्हणायची, "त्याले कशाले उचला लागते? तुमी हाय ना." आणि मोतीराम ताट सरकवून उठायचा.

आता त्या हुकांचं सांगायला हवं. बर्फाच्या कारखान्यात मिठाच्या पाण्याची भलीमोठी टाकी असते. अमोनियाचं मशीन ते पाणी शून्याच्याही खाली गार करतं, मीठ असल्यामुळे ते गोठत नाही. त्यात साध्या पाण्यानं भरलेले उंच पत्र्याचे डबे सोडतात, डब्यांतल्या पाण्याची लादी होते. मग डब्याच्या कानात हूक अडकवून चेनकुप्पीनं, म्हणजे साखळीच्या कप्पीनं, तो जड डबा वर ओढतात. हे हूक मोतीराम करायचा, ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यांपासून. पाट्याचं पोलाद टणक, वाकायचं नाव नाही. ओला हूक हवेत ठेवला तर गंजतो, म्हणून काम झालं की ते तिथेच टाकीत लोंबत ठेवायचे, ही कारखान्याची जुनी पद्धत. बाहेर अंगाची लाही होत असताना हूक बिचारे रात्रंदिवस त्या बर्फाळ खाऱ्या पाण्यात.

त्या एप्रिलात एक हूक तुटला. डबा धाडकन खाली आला. टाकीवर काम करणारा बुधाजी, मनकर्णाचा धाकटा भाऊ, एक पाऊल मागे होता म्हणून वाचला. सगळे जमले. मोतीराम म्हणाला, गंजला असेल. धर्मपालनं तुकडा उचलून निरखला आणि म्हणाला, "गंज नाई, काका. थंडीनं मोडला."

"कशानं?"

"थंडीनं. साधं पोलाद उन्हात चिवट रायते, पन लय थंडीत काचावानी होते. जितकं टनक, तितकं लवकर मोडते. त्याच्यात निकेल मिसळलं त थंडीतबी चिवट रायते. तांब्याले, पितळेले थंडी बाधत नाई. निकेल घातलं का पोलादालेबी बाधत नाई."

मोतीरामनं सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. "म्हंजे लोखंडाले थंडी वाजते म्हन्तोस? मंग त्याले एखांदी घोंगडी शिव, बापा."

असा हशा पिकला की काही विचारू नका. पुढचे आठ दिवस जो तो हुकाची नाडी बघत होता आणि ताप उतरला का म्हणून विचारत होता. धर्मपाल हसण्यावर नेई. एके दिवशी तो भंगारातून लढाईच्या वेळच्या लष्करी ट्रकचा ॲक्सलचा तुकडा घेऊन काकाकडे आला. हे निकेलचं पोलाद आहे, कॉलेजात आम्हाला दाखवलं होतं, म्हणाला. "याचा एक हूक करून द्या, काका. करून झाला का लाल करून तेलात बुडवा, मंग निळा रंग चढेपर्यंत हळूहळू तापवा. तेलात मात्र पक्कं द्या, नाई त नरम राहीन."

आणखी कुणाकडे जाणार तो? त्याच्या डोक्यातला हूक आकाराला आणणारे हात अख्ख्या अकोल्यात एकच होते.

मोतीरामनं भाता चालवला. तुकडा लाल झाला, ऐरणीवर आला, आणि पहिल्याच घावाला त्याच्या मनगटानं ओळखलं की हे काही नेहमीचं लोखंड नव्हे. घणाखाली ते चिवटपणे सरकत होतं, पसरत होतं, कुठे चिरत नव्हतं. इतकी वर्षं लोखंड ठोकून त्याला असं पोलाद भेटलं नव्हतं, आणि भेटलं तेही त्या पोरानं आणलेलं. हूक झाला. सुरेख झाला. तेलाचा डबा हाताशी होता. मोतीरामनं तो लालभडक हूक सांडशीत धरून तेलाकडे पाहिलं, मग बाजूच्या राखेच्या ढिगात खुपसला आणि सावकाश निवू दिला. विसरलो, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मोतीराम पाणी द्यायला विसरला हे ऐकून भट्टीतल्या कोळशालाही हसू आलं असतं.

परीक्षा कारखान्याच्या आवारात झाली, दुपारी, रणरणत्या उन्हात. शेडच्या गर्डरला दोन्ही हूक टांगले. दोन्ही मोतीरामच्या हातचे, एक पाट्याचा, एक ॲक्सलचा. त्यांना एकेक जुनं जड चाक लटकावलं. पाट्याचा हूक ढिम्म हलला नाही. ॲक्सलचा हूक सगळ्यांच्या देखत, झोप आलेल्या माणसाच्या मुठीसारखा उघडत गेला आणि चाक धुळीत पडलं.

"पुस्तकातलं पोलाद दिसतंय," कमलाकांतराव म्हणाले. सगळे हसले.

धर्मपालनं वाकलेला हूक हातात घेतला. काकाजवळ येऊन हळूच विचारलं, "तेलात देल्लं होतं ना, काका?"

"तू सांगतलं तसंच केलं," मोतीराम म्हणाला.

पोरानं विश्वास ठेवला. काकाच्या हातावर अविश्वास दाखवायचा हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. निदान टाकीत गार करून एकदा घण मारून पाहू, असं तो मॅनेजरना म्हणाला. पण लग्नसराई ऐन भरात होती, बर्फाच्या गाड्या दारात ताटकळत होत्या. कमलाकांतरावांनी हात झटकला. सगळे नवे हूक मोतीरामनं पाट्याचेच करावेत असं ठरलं. त्या संध्याकाळी मोतीराम घरी आला तो दोन भाकरी जास्त जेवला.

धर्मपालनं मात्र कारखाना सोडायचं ठरवलं. त्या मे महिन्यात नव्या जिल्हा परिषदा निघाल्या होत्या, जागोजागी कारकून हवे होते. त्यानं अर्ज केला आणि दर्यापूरच्या कचेरीत त्याला जागाही मिळाली. काकूला तो म्हणाला, "काकू, ते पुस्तकं थंड मुलखातल्या लोकायचे. आपल्याइकडं लागू होत नसतीन. दुसऱ्याच्या जिवावर उगाच कशाले प्रयोग करा लागते?"

मोतीराम बाजेवर पडून ऐकत होता. काटा निघाला होता, आता सुखानं झोप यायला हवी होती. पण हेव्याचं पोट अर्धवट जेवणानं भरत नाही. पोर हरलं ते उन्हात. उद्या कुणी म्हणेल, थंडीत पाहिलंच कुठे? तेव्हा मोतीरामनं ठरवलं की पोराचा हूक टाकीत गार करून, स्वतःच्या हातानं फोडून, तुकडे त्याच्यासमोर टाकायचे. मग तक्रारीला जागाच नको.

त्यानं दोन्ही हूक टाकीत सोडले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माणसं कडुनिंबाखाली आडवी झाल्यावर त्यानं ॲक्सलचा हूक बाहेर काढला. हाताला डसावा इतका गार. ऐरणीवर ठेवून त्यानं घण हाणला. हूक बद्द वाजला आणि थोडा आणखी वाकला. पुन्हा हाणला, पुन्हा वाकला. मोतीराम घामाघूम झाला. राखेत घालून नरम केलेलं ते पोलाद इतक्या थंडीतही चीर द्यायला तयार नव्हतं. रागारागानं त्यानं आपला पाट्याचा हूक काढला, ताठ कसं राहावं ते जणू त्या दुसऱ्याला दाखवायला, आणि त्याच घणाचा एकच घाव घातला.

टणकन आवाज झाला आणि हुकाचे दोन तुकडे झाले. मोडलेली बाजू खडीसाखरेसारखी चकाकत होती.

मोतीरामनं घण खाली ठेवला. पोराचं खरं होतं, हे पहिल्यांदा मनात आलं, आणि लाज वाटते सांगायला, पण दुखलं तेच आधी. बुधाजी आठवला तो नंतर. थोड्या वेळानं बुधाजी टाकीवर उभा राहून डबे ओढणार होता. त्याच्या डोक्यावरून जाणारा प्रत्येक हूक पाट्याचा होता.

कबूल करायची ही वेळ होती. पण माणसाची अक्कल हेव्याच्या चाकरीला लागली की फार चपळ होते. थंडीनं मोडतो ना, मग थंडी लागूच द्यायची नाही. मोतीरामनं भराभर सगळे हूक टाकीतून काढले आणि बाहेर तारेवर उन्हात टांगले. लागेल तेव्हा तापलेला हूक घ्यायचा, डबा ओढायचा, परत टांगायचा. मिठानं गंजू नये म्हणून ही नवी पद्धत, असं त्यानं सांगितलं. बुधाजीला वेगळं बजावलं, "टाकीत एकबी हूक सोडू नको."

"काहून, भाऊजी?"

"सांगून राह्यलो ना!"

एकही हूक तुटला नाही. कमलाकांतराव म्हणाले, मोतीराम विचारी माणूस आहे, हेडमिस्त्री त्यालाच करू. पुतण्याची विद्या चोरून, ती उलटी टांगून, काकानं खुर्ची मिळवली होती. डोळ्यांनी चोरलेली विद्या म्हणून तो पूर्वी छाती काढायचा, ही चोरी मात्र कुणाला सांगता येत नव्हती.

दर्यापूरला निघायच्या आदल्या संध्याकाळी धर्मपाल जेवायला आला. दुपारी कारखान्यात सगळ्यांचा निरोप घेऊन आला होता. मनकर्णानं त्याला वांग्याची भाजी वाढली, डोळे पुसले. त्यानं घास उचलला आणि परत ठेवला. मग म्हणाला, "काका, हूक उन्हात काहून टांगले?"

"गंजू नाई म्हून," मनकर्णाच म्हणाली. तिला तेवढंच ठाऊक होतं.

"ओलं लोखंड हवेत जास्त गंजते, काकू. म्हून त टाकीत ठेवत होते." त्यानं मान वर केली. "काका, मोडला का?"

मोतीराम भाकर कुस्करत राहिला.

"मले बाकी काही नाई पायजे. हेडमिस्त्री तुमीच व्हा. फक्त एवढं सांगा, पुस्तकातलं खरं होतं का खोटं? खोटं असन त मी सुखानं कारकुनी करीन. खरं असन त मले आयुष्यभर झोप येनार नाई, काका."

मोतीरामनं त्या तोंडाकडे पाहिलं. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं, तो भांडला असता. पण पोराच्या तोंडावर नुसती भूक होती. एकेकाळी जिनिंगच्या लोहारशाळेत, घण हातात धरून, लोहाराच्या बोटांकडे बघताना आपलं तोंड असंच दिसत असेल, असं त्याला वाटलं. आणि तो लोहार नीच होता तरी त्यानं कधी खोटं तरी दाखवलं नव्हतं.

तो उठला. कारखान्यातून आणून बाजेखाली दडवलेलं गोणपाट ओढलं आणि ताटापुढे ठेवलं. दोन तुकडे आणि एक वेडावाकडा हूक.

"हा थंडीत एका घावात मोडला. तुहा मोडला नाई," तो म्हणाला. "आन त्याले म्या तेलात देल्लं नव्हतं. राखेत घातला."

धर्मपालनं उष्टा हात धोतराला पुसावा तसा पँटीलाच पुसला, मोडका तुकडा दिव्याजवळ नेला, चकाकणाऱ्या कणांवरून अंगठा फिरवला आणि हसला. लहानपणी बाजारात भिंगरी पाहून हसायचा तसा हसला. मोतीराम शिव्यांची वाट पाहत होता. पण पोराला काकाचा रागही यायला फुरसत नव्हती. त्याच्या त्या आनंदात मोतीराम कुठेच नव्हता, वैरी म्हणूनसुद्धा नव्हता. आणि मोतीरामचा जुना हेवा पुन्हा जागा झाला.

मनकर्णानं गोणपाटावरच्या लोखंडाकडे बोट केलं. "दोनी हूक तुमीच केले ना?" ती म्हणाली. "मंग जळत कोनावर होते?"



सकाळी तो धर्मपालला घेऊन ऑफिसात गेला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. गंमत अशी की कमलाकांतरावांचा विश्वासच बसेना. पुतण्या इथेच राहावा म्हणून काका आळ स्वतःवर घेतोय, असं त्यांना वाटलं. "मन फार मोठं आहे हो मोतीरामचं," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच मोतीरामला खोटी स्तुती नको होती. शेवटी त्यानं तारेवरचा एक हूक टाकीत सोडला, चांगला गार झाल्यावर सगळ्यांना बोलावून ऐरणीवर ठेवला आणि स्वतःच्या हातानं फोडला. मग दुसरा फोडला. तिसऱ्याला कमलाकांतरावांनी हात धरला.

माणसं धर्मपालभोवती गोळा झाली. तो काहीतरी समजावून सांगत होता, बुधाजी तोंड उघडं टाकून ऐकत होता. कुणीतरी त्याच्यासाठी खुर्ची आणली. मोतीराम घण घेऊन तिथेच उभा होता, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. दर्यापूरची बस निघून गेली.

हेडमिस्त्री धर्मपाल झाला. आता काकाचं मन निवळलं, असं सांगितलं तर गोष्ट गोड होईल, पण अकोल्यात कुणी मानणार नाही. नवे हूक करायला ॲक्सलचे तुकडे भट्टीवर आले तेव्हा मोतीरामचं पोट दुखतच होतं, आणि सबंध उन्हाळा दुखत राहिलं. धर्मपाल विश्वासानं पाठ करून ऑफिसात जाऊन बसे. राखेचा ढीग बाजूलाच होता. मोतीराम लाल हूक सांडशीत धरायचा, ऑफिसच्या खिडकीकडे एकदा जळून बघायचा आणि हूक तेलात बुडवायचा.